मायनं बोललेला नवस

२२ एप्रिल, बालाघाट

भैयालालजींना आज सांगून टाकलं की मे महिन्याच्या शेवटी मला बारा दिवस सुट्टी पाहिजे.  बसस्टँडजवळच्या त्यांच्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात मी तीन वर्षं बसते आहे. तापाचे चार दिवस सोडले तर सुट्टी कधी घेतलेली नाही.

"शादी तय हो गई क्या?"

मी म्हटलं, नाही. उत्तराखंडात उखीमठला जायचं आहे, तिथून तुंगनाथ चढायला.

"किसके साथ?"

"अकेली."

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "सोच लो, बेटा," म्हणाले.

विचार करूनच मागितली. लोकांची तिकिटं काढताना, यात्रेचे फॉर्म भरताना एका कागदाच्या कोपऱ्यात तुंगनाथचं चित्र दिसलं होतं, बोटाच्या पेराएवढं. दगडाचं देऊळ, आणि मागं काहीच नाही, नुसतं आभाळ. त्या दिवसापासून मला तिथं उभं राहायचं आहे. याहून चांगलं कारण माझ्याजवळ नाही. देवासाठी जाते असं म्हणता आलं असतं, पण ते पुरतं खरं झालं नसतं.

भीती कशाकशाची वाटते ते लिहून ठेवते. घाटातल्या बसची. उंचावर श्वास लागण्याची. हिंदी बोलताना तिथले लोक हसतील याची. आणि मायला सांगण्याची. ही शेवटची सगळ्यांत मोठी.

२६ एप्रिल, गाव

कटंगीच्या बसनं सकाळी आले. माय अंगणात तेंदूपत्त्याच्या पुड्यांसाठी दोऱ्या वळत बसली होती. बिडीचा हा पत्ता सरकार विकत घेतं; हंगाम आठ दिवसांवर आहे. बाबांना, म्हणजे पुनारामजींना, जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून ती घरात एकटी असते.

मी सगळं एका दमात सांगितलं. ती दोरी वळत राहिली. मग "तुंगनाथ" हे नाव तिनं दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतलं आणि स्वतः एकदा म्हणून पाहिलं. 

पण भिंतीपलीकडे मोठ्या मायनं ऐकलं असावं. दिवस कलला तसे मोठेबाबा आले, मागून मोठी माय. मोठेबाबा, डोमाजी, बाबांचे थोरले भाऊ; मोठी माय त्यांची बायको. माझ्याशी ते वर्षभरापासून बोलत नाहीत. गेल्या उन्हाळ्यात ते दुकानात आले होते म्हातारपणाच्या पेन्शनचा फॉर्म भरायला. आधारावर वय पंचावन्न. म्हणाले, साठ लिही. मी म्हटलं, नाही लिहिता येणार. "आमी जन्मलो तवा लिहून ठेवलं होतं का कोनी? समद्यायच्या तारखा एक जानेवारी," म्हणाले. ते खरंच आहे. मायची तारीखही एक जानेवारीच आहे. तरी मी लिहिलं नाही. गावचे सहासात जण रांगेत होते. ते उठून गेले. त्यांचे गुडघे वाईट आहेत हे मला माहीत आहे. त्या दिवसाचा विचार मी अजून करते.

तर मोठेबाबा ओट्यावर बसले आणि आभाळाला सांगितल्यासारखं बोलले, "लग्नाची पोरगी एकटी पहाडात चाल्ली म्हणते. राजेगावचे पाहुणे पाहाले येणार होते. त्यायले काय सांगाचं? चार बुकं शिकली म्हणजे घरदार नसते का मानसाले?"

मी उत्तर जुळवत होते. तेवढ्यात मायनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. मोठ्या दिरासमोर ती थेट बोलत नाही, मोठ्या मायमार्फत बोलते, मोठेबाबा दोन हातांवर असले तरी.

"मोठ्या बाई, त्यायले सांगा, पोरगी एकटी नाई चाल्ली. माया नवस हाय तुंगनाथले. फेडाचा राहून गेला. मी चाल्ली, पोरगी मले धरून चाल्ली."

 नवसाला आडवं कोण येणार?

"तुंगनाथ," मोठेबाबा म्हणाले. "नाव बी कवा आयकलं नाई."

"मोठ्या बाई, त्यायले सांगा, आपन नाव नाई आयकलं म्हणून देव तिथून उठून जात नाई."

मोठी माय तोंडाला पदर लावून खोकली. मला ते हसणं वाटलं.

जेवताना मी मायला विचारलं, कधी बोललीस गं नवस? ती म्हणाली, "तू पाचवीत काविळीनं पडली होती, तवा." मला रडू आलं. तिला तुंगनाथ कसा माहीत, हे विचारायचं राहूनच गेलं. कोणी साधू-बैरागी सांगून गेला असेल.

२८ एप्रिल, बालाघाट

झोप नीट लागत नाही. माझ्यासाठी बोललेला नवस चौदा वर्षं माय मनात घेऊन हिंडते आणि मी एका चित्रासाठी निघाले होते. लाज वाटते. आता हे नीट करायचं. काय वाहायचं, किती, कोणत्या वारी, सगळं विचारून घेतलं पाहिजे.

१२ मे

पत्त्याचा हंगाम संपल्यावर माय बूट घ्यायला आली. जन्मात पहिल्यांदा. दुकानदारानं पाय मापले तेव्हा तिनं पाय मागं ओढून घेतला, टाचांच्या भेगा पाहून. मग म्हणाली, "माप बापा, भेगा मोजू नको."

ती माझ्या खोलीवर राहिली. घरमालकीण प्रेमलताकाकू चहाला आल्या. मध्य प्रदेशात असल्यानं माझी शाळा सगळी हिंदीत झाली; मराठी लिहायला मी काकूंकडे शिकले, त्यांच्या आग्रहानंच ही वही. काकूंनी मायला नवसाचं विचारलं.

माय म्हणाली, "हे बारावीत होती नं, पेपर खराब गेलता, रडून राह्यली होती. तवा बोलली मी."

काकू गेल्यावर मी म्हटलं, माय, कावीळ का बारावी? तिनं बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली. "दोन्ही," म्हणाली.

म्हणजे दोन नवस. मी यादीत नारळ दोन केले.

२३ मे, गाव

उद्या निघायचं. तीर्थाला जाणाऱ्यानं आदल्या दिवशी गावातल्या घराघरांत जाऊन हात जोडायचे, "चुकलं-माकलं पोटात घाला" म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. पूर्वी गेलेला माणूस परत येईलच असं नसायचं. ज्यांच्याशी बोलणं बंद आहे त्यांच्या दारी आधी जायचं असतं. मग वेशीपर्यंत सगळे नारळ घेऊन पोचवायला येतात.

माय सगळ्यांत आधी मला मोठेबाबांच्या घरीच घेऊन गेली. ते खाटेवर बसले होते. शेजारचे शालिकरामकाका आणि आणखी दोघंतिघं आधीच येऊन बसलेले, म्हणजे बोलावलेलेच असणार. मायनं हात जोडले, म्हणायचं ते म्हणाली. मोठेबाबांनी मान हलवली. मग भिंतीकडे पाहून म्हणाले, "आता दुसरीनं पाय धरून म्हणावं."

हा क्षण येणार हे मला माहीत होतं. दोन रात्री मी तोलून पाहत होते की माझी चूक नेमकी कुठून कुठपर्यंत आहे. मी ठरवलेलं सगळं बोलले. "मोठेबाबा, त्या दिवशी मी लोकांसमोर मोठ्यानं बोलले. हळू सांगायला पाहिजे होतं. त्याची माफी मागते. वय वाढवून लिहिलं नाही, त्याची माफी मागत नाही."

"म्हणजे अर्धी माफी."

"जेवढी चूक तेवढी."

कोणीतरी "अरे बापा" म्हणालं. मोठेबाबा वर्षात पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले. "आयक. माफी राह्यलेल्याची यात्रा देवाले पोचत नाई. आल्यावर गंगापूजेचं जेवन घालान नं? तवा पाहू, कोन पानावर बसते."

मी ताठ मानेनं बाहेर आले. शंभर पावलांवर थांबले. मला काय, मी बालाघाटला राहते. त्यांनी पान उष्टं केलं नाही की गावाचं बोलणं बंद, आणि ते बंद पडेल मायवर. धानाच्या रोवणीला तिला कोण बोलावणार? आजारी पडली तर दार कोण ठोठावणार? मी म्हटलं, माय, परत जाते, धरते पाय.

ती म्हणाली, "पुढचं घर पाह्य. अजून गंज घरं राह्यली."

२४ मे

पोचवायला वेशीपर्यंत कोणी आलं नाही. मोठ्या मायनं भिंतीवरून तिखट पुऱ्यांचं गाठोडं दिलं आणि विचारलं, "तिथं बरफ रस्त्यावरच रायते का वो?" मला माहीत नव्हतं. तसंच सांगितलं.

२८ मे, उखीमठ

गोंदियाहून दिल्ली, दिल्लीहून हरिद्वार, तिथून पहाटेची बस. दहा तास. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली मंदाकिनी, आणि मधे आमचं चाक. मी समोरच्या सीटची दांडी धरून डोळे मिटून होते. माय खिडकीशी बसून डोंगरउतारावरची शेतं बघत होती. "हे लोक बांधावर बांध रचते," म्हणाली. "धानाले पानी कसं देत असतीन? वरून सोडत असतीन. मग खालच्याचं वरच्यासंग भांडन होत असन." तिनं पुढच्या सीटवरच्या बाईला विचारलंच. होतं म्हणाली, रोज होतं.

गाव उतारावर आहे. समोरच्या पहाडावर गुप्तकाशीची घरं, आणि त्यांच्या वर पांढरं काहीतरी. मला ढग वाटले. माय म्हणाली, ढग हलते, ते हलून नाई राह्यलं.

संध्याकाळी ओंकारेश्वराच्या देवळात गेलो. केदारनाथाची गादी हिवाळ्यात इथं येते. लाकडी कोरीव दार, रंग ताजे, अंगणात फरशी गार. उषा आणि अनिरुद्धाचं लग्न इथंच झालं म्हणतात. मला ते सगळं निवांत बघायचं होतं, पण मनात नवसाचंच. पुजाऱ्यांना म्हटलं, माझ्या आईचा तुंगनाथचा नवस आहे, विधी कसा करायचा? ते चांगले वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी मायला विचारलं, "माताजी, मनौती किस बात की थी?"

माय म्हणाली, "इसके पिताजी की बीमारी में बोली थी."

मी तिच्याकडे पाहिलं. बाबा नवसानंतरही वाचले नाहीत, मग तो फेडायचा कसा? पुजाऱ्यांनाही तेच वाटलं असावं. ते मायकडे बघून हसले. "माताजी, आप बस चढ़ जाइए. वही पूजा है."

मी यादीत नारळ तीन केले. इथल्या दुकानांत नारळ संपले आहेत. आमच्याजवळ दोनच आहेत. काय करावं कळत नाही.

२९ मे

उद्या चढायचं. आज विश्रांती, असं मी ठरवलं होतं, मायला उंचीची सवय व्हावी म्हणून.

आम्ही ज्यांच्या घरी उतरलो त्या नेगीदीदी मायच्याच वयाच्या. सकाळी उठून पाहते तर माय खोलीत नाही. खाली वळणावर दिसली, नेगीदीदी आणि आणखी दोघींबरोबर, पाठीवर बांजाच्या पाल्याचा भारा. बांज हे इथलं झाड, पाला म्हशींना घालतात. मी धावत गेले, वाटेत चारदा दम खायला बसले. लोकांच्या घरी पाहुणे म्हणून आलो आणि मायनं कामाला हात लावलेला मला बरा वाटला नाही. नेगीदीदींना मी माफीच मागितली.

"अरे, ये तो हमसे अच्छा बाँधती है," त्या म्हणाल्या. "पूछ रही थी कि पत्ता सरकार खरीदती है क्या. मैंने कहा, भैंस खरीदती है."

माय इतकी हसली की भारा उतरवावा लागला. हे असं हसणं मी बाबा गेल्यानंतर ऐकलं नव्हतं. दुपारी दोघी चुलीशी बसून मंडुव्याच्या भाकरी करत होत्या. मंडुवा म्हणजे नाचणी, आपला मडिया, आमच्या जिल्ह्यात बिरसाकडचे लोक खातात तो. नेगीदीदींनी विचारलं, इतक्या लांब कशाला आलात? मायनं माझ्याकडे पाहिलं, आवाज बारीक केला आणि काय ते सांगितलं. नेगीदीदींनी तिच्या मांडीवर थाप मारली. मला विचारायचं होतं, पण मधे बोलणं बरं दिसलं नसतं. चौथा नवस नसला म्हणजे झालं.

३० मे

जीपनं चोपत्याला आलो तेव्हा ऊन नुकतं पडलं होतं. तिथून दगडी फरसबंद वाट, वळणावळणाची, चार किलोमीटर, आणि सगळी चढाची. मी मायला सांगितलं होतं की हळू चालायचं, श्वास लागला की थांबायचं. ती दर वळणावर थांबत होती. मला वाटलं दमली. मी तिच्यापर्यंत पोचायची, दोन मिनिटं टेकायची, की ती पुन्हा निघायची. साडीचा काष्टा मारलेला, बूट लाल मातीनं भरलेले. खाली बुरांशाची झाडं, वर नुसतं गवत, त्यात पिवळी बारीक फुलं. घोड्यावरून एक बाई खाली येत होती, मायला म्हणाली, "अम्मा, घोड़ा कर लो." माय म्हणाली, "इसके लिए पूछो." म्हणजे माझ्यासाठी.

देऊळ चित्रातल्यासारखंच आहे. फक्त चित्रात वारा नव्हता. मी नारळ काढले, पुजाऱ्यांसमोर ठेवले, आणि त्यांनी संकल्पासाठी विचारलं तशी मी म्हणाले, तीन नवस आहेत, नारळ दोनच मिळाले, तिसऱ्याचं काय करावं? मायनं माझा दंड धरला. "एकच पूजा करो, महाराज. दर्शन की." पूजा झाली.

मला तिथंच बसायचं होतं, पण माय म्हणाली, अजून वर हाय का? आहे, चंद्रशिला, पण तिथं नवसाचं काही नाही, म्हटलं. "मग चाल."

शेवटच्या टप्प्यावर वाटेत बर्फाचा एक मळका पट्टा होता. मी चार पायांवर ओलांडला. वर पोचलो तर सगळीकडून शिखरं उघडी. चौखंबा समोर, इतका जवळ की बोलताना आवाज आपोआप खाली येतो. माय दगडावर बसली. मी तिच्या शेजारी.

मी विचारलं, "माय, खरं सांग. नवस किती आहेत?"

तिनं एक बूट काढून झटकला. मग म्हणाली, "एक बी नाई."

"मग?"

"नवस नसता तं तुले कोनं येऊ देल्लं असतं वो बाई? मलेबी?"

३१ मे, उखीमठ

काल रात्रीपासून डोक्यात एकच. आम्ही देवाच्या नावानं खोटं बोललो. गावाला, काकूंना, इथल्या पुजाऱ्यांना. ज्या मुलीनं सख्ख्या काकाचं वय पाच वर्षांनी वाढवलं नाही, ती तीन खोटे नवस आणि दोन खरे नारळ घेऊन देवळात उभी राहिली. मी मायला म्हटलं, देवापुढं खोटं बोललीस.

ती अंथरूण घडी करत होती. "देवाले थोडंच सांगतलं म्या? मानसायले सांगतलं. देवाले मालूम होतं."

"आणि पुजाऱ्यांना?"

"त्यायलेबी मालूम झालं. तुलेच नाई झालं."

 पण असंही वाटतं की खोटं बोलल्याशिवाय बाईला पहाड दिसत नसेल, तर ते खोटं कुणाच्या खात्यावर घालायचं? मी फॉर्म भरते. ‘कारण’ या रकान्यात जे लिहू ते चालतं, फक्त रिकामा सोडता येत नाही. आम्हांला तो रिकामा सोडायचा होता. जायचं होतं म्हणून गेलो, एवढंच लिहायचं होतं.

४ जून, गाव

आलो. इथं ऊन असं की चार दिवसांपूर्वी थंडी होती हे खोटं वाटतं. गंगापूजेसाठी भैयालालजींकडून सुट्टी आणखी पाच दिवस मागून घेतली. माय म्हणाली, सात तारखेला जेवण. वरण, भात, वांग्याची भाजी, बुंदी. आणि पाणी भरता भरता म्हणाली, "कोनी इचारलं तं नवस होता म्हणजो. पाचवीची कावीळ. एकच ध्यानात ठेव, तीन नको सांगू."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

७ जून, गाव

घडलं तसं लिहून ठेवते.

अंगणात पत्रावळी मांडल्या. लोक आले, जवळजवळ सगळेच, कारण मोठेबाबा येणार म्हणून कळलं होतं. ते आले, धुतलेलं धोतर, खांद्यावर टॉवेल. पण पानावर बसले नाहीत, उभेच राहिले, म्हणून बाकीचेही अर्धे बसलेले, अर्धे उभे.

ते म्हणाले, "जेवाले आलो हाय. भांडाले नाई. एक गोष्ट साफ झाली का बसतो. शांताबाईचा नवस आमच्यापैकी कोनाले मालूम नाई. माया भावानं कवा सांगतला नाई. मी तिले इचारत नाई. मी हे पोरीले इचारतो. हे पोरगी खोटं लिहित नाई, साऱ्या गावाले मालूम हाय. मले तिनं साऱ्यांसमोर सांगतलं. तं तिच्याच तोंडून आयकू. बोल बाई, होता का नवस?"

चांगला पेच होता. होता म्हटलं तर ते बसणार, जेवणार, मायचं गावात राहणं सोपं होणार, आणि त्या दुकानातल्या दिवसाचा हिशेब त्यांच्या बाजूनं मिटणार. म्हणजे खोटं मीही बोलते, फक्त त्यांच्यासाठी नाही. नव्हता म्हटलं तर माय देवाच्या नावानं खोटी.

माय भाताच्या पातेल्याशी होती. तिनं डोळ्यांनी सांगितलं, म्हण.

मी म्हणाले, "नव्हता."

आवाज फार बारीक आला, म्हणून पुन्हा म्हणाले. "नवस नव्हता, मोठेबाबा. मला पहाड पाहायचा होता. तसं सांगितलं तेव्हा तुम्ही विचारलं की पाहुण्यांना काय सांगू. मायनं नवस म्हटलं तेव्हा कोणी काहीच विचारलं नाही. तिनं खोटं सांगितलं, कारण खऱ्याला या गावानं जाऊ दिलं नसतं. आम्ही दोघी चढलो. मायला धरून न्यायला म्हणून मी गेले होते, पण पुढं तीच होती. देऊळ पाहिलं, बर्फ पाहिला. कोणाचं काही घेतलं नाही. ज्याला यात जेवण्यासारखं वाटत नसेल त्यानं जेवू नये."

मोठेबाबांचा चेहरा जिंकल्यासारखा होईल म्हणून मी बघत होते. तो तसा झाला नाही. त्यांनी टॉवेल एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतला. "म्हणजे तू मायलेबी सोडलं नाई," म्हणाले आणि गेले. त्यांच्यामागून बरेच गेले. शालिकरामकाका उठले, फाटकापर्यंत गेले, परत येऊन बसले. "बुंदी हाय म्हणते," म्हणाले.

मोठी माय नवऱ्यामागं गेली नाही. ती मोठेबाबांच्या रिकाम्या पानावर बसली आणि पदराआडून म्हणाली, "वाढ वो शांते. भात थंडा होऊन राह्यला."

भांडी घासताना ती माझ्याजवळ आली. बर्फ हातात घेतला तर दुखतो का, तिनं विचारलं. आधी दुखतो, मग कळत नाही, म्हटलं.

९ जून, गाव

माय दोन दिवस बोलली नाही. आज सकाळी बोलली. "नवस माया होता. मोडाचा तं म्या मोडला असता. तुले कोनं सांगतलं होतं मोडाले?"

मी म्हटलं, मला खोटं बोलता येत नाही.

"मले मालूम हाय. म्हणून तं म्या बोलली. तुह्यं खरं तुह्यासाठी चांगलं हाय बाई. तू संध्याकाळच्या बसनं जाशीन. तुह्या खऱ्यासंग राहाचं मले."

हे मी जसंच्या तसं लिहिलं, एक शब्द कमी नाही. तिचं म्हणणं खरं आहे. तरीही पुन्हा विचारलं तर मी नव्हताच म्हणेन. हे दोन्ही एकदम कसं खरं असतं ते मला अजून समजत नाही.

५ जुलै, बालाघाट

रोवणी सुरू झाली. मोठेबाबांच्या बाजूच्या कोणी मायला बोलावलं नाही. शालिकरामकाकांनी बोलावलं, आणि बांधापलीकडच्या दोन घरांनी. मागच्या वर्षी दहा घरं होती. राजेगावच्या पाहुण्यांचा निरोप आला की मुलाचं दुसरीकडे ठरलं. प्रेमलताकाकूंना मी नवसाचं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, मला बारावीचा पेपर तेव्हाच पटला नव्हता.

दुपारी मायचा फोन आला, शेताच्या धुऱ्यावरून, मागं बायांचे आवाज आणि पाऊस. मी म्हटलं, जेवलीस का, पाय दुखतात का, मी रविवारी येऊ का. तिनं सगळ्याला हौ म्हटलं. मग विचारलं, "ते नेगीबाई म्हणत होती, दुसरा पहाड हाय त्यायच्याइकडं. मदमहेश्वर. लांब हाय म्हणे, दोन दिवस चालाचं."

"हो, आहे."

"मोठ्या बाईबी म्हणून राह्यली, तिले येचं हाय. तिचे गुडघे चांगले हाय, बुढ्याचेच खराब."

"माय, पण आता लोकांना काय सांगशील?"

 मला वाटलं ती नवस शोधते आहे.

"सांगीन," ती म्हणाली, "जाचं हाय म्हणून चाल्ली."